नोकरी गेली, तळघरात बूट दुरुस्त केले आणि त्याच तळघरातून जगाला 'लेव्हल' मिळाली : गॅरी गायगॅक्सची गोष्ट

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर पहिला एपिसोड आठवा. साल १९८३. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलीत. एक जण आवाज चढवून गोष्ट सांगतोय, बाकीचे जीव मुठीत धरून ऐकतायत. समोर राक्षस आलाय, आणि पळायचं की लढायचं हे एका फाशावर ठरणार आहे.

ते पोरं खेळत होते तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. खेळणारे त्याला लाडाने 'डी अँड डी' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपण लहानपणी सापशिडी खेळलो, फार तर कॅरम. पण तुम्ही कधी मोबाइलवर गेम खेळला असेल, त्यात तुमची 'लेव्हल' वाढली असेल, 'एक्सपी' मिळाला असेल, मार खाल्ल्यावर लाल पट्टी कमी झाली असेल, तर तुम्ही नकळत याच खेळाचे नियम पाळलेत. आणि हे नियम कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेले नाहीत. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात, विमा कंपनीतून नोकरी गेलेल्या, पाच पोरांच्या बापाने ते टाइपरायटरवर बडवले.

त्याचं नाव गॅरी गायगॅक्स.

खेळ नेमका काय असतो?

गॅरीची गोष्ट कळायची तर आधी खेळ कळायला हवा.

समजा, पावसाळ्यात पाच जणांचा ग्रुप मुळशीला फार्महाऊसवर गेलाय. लाइट गेलेली, नेटवर्क नाही. पाचातला एक जण गोष्ट सांगणारा होतो. त्याला म्हणतात 'डंजन मास्टर'. तो सांगायला लागतो की तुम्ही चौघं एकोले गावात पोहोचलाय. समोर घनगड आहे. धुकं इतकं की गारजाई देवीचं देऊळही दिसत नाही. आणि गेल्या तीन अमावस्या झाल्या, गडावरच्या टाक्यातून रात्री कुणीतरी हाका मारतं, असं गावकरी म्हणतात.

तुम्ही काय करणार?

चौघांपैकी प्रत्येकाकडे एक पात्र आहे. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक, कुणी कुलपं उघडण्यात पटाईत असलेला चोर. प्रत्येकाच्या कागदावर आकडे लिहिलेत. ताकद किती, अक्कल किती, चपळाई किती. तलवारबाज म्हणतो सरळ वर चढू. वैद्य म्हणते आधी गावात चौकशी करू. चोराला वाटतं की गावकरीच काहीतरी लपवतायत. यातलं काहीही चालतं. डंजन मास्टर कुणालाही अडवत नाही, फक्त पुढे काय झालं ते सांगतो.

कड्यापाशी गेल्यावर शिडी तुटलेली निघाली. उडी मारायची? मारा. पण आधी २० बाजूंचा फासा टाका. १७ पडले तर पोहोचलात. ३ पडले तर खाली आपटलात, आणि कागदावरचे 'हिट पॉइंट्स' कमी झाले. ते शून्यावर गेले की तुमचं पात्र कोसळलं.

यात कुणी जिंकत नाही, हरत नाही. रात्र संपली की खेळ थांबतो, पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू होतो. मधल्या काळात तुमचं पात्र अनुभव कमावतं, लेव्हल चढतं. काही ग्रुप एकच गोष्ट वर्षानुवर्षं खेळतात.

कोकणातला दशावतार ज्यांनी बघितलाय त्यांना हे पटकन कळेल. तिथेही लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. फरक एवढाच की डी अँड डीमध्ये कथानकही ठरलेलं नसतं, आणि प्रेक्षक म्हणून कुणी नसतंच. सगळेच रंगमंचावर.

शिकागोच्या गल्लीतून तळ्याकाठच्या गावात

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. आडनाव स्विस आहे. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले, व्हायोलिन वाजवणारे. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्येही त्यांनी वाजवलं होतं. पोराला झोपवताना हे वडील जादूगारांच्या आणि मंतरलेल्या अंगठ्यांच्या गोष्टी रचून सांगायचे.

गॅरी मात्र गल्लीतल्या पोरांच्या टोळीत रमलेला. आठ वर्षांचा असताना या टोळीची दुसऱ्या टोळीशी जोरदार मारामारी झाली. घरच्यांनी ठरवलं, आता शहर सोडायचं. १९४६ साली कुटुंब आईच्या माहेरगावी, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हाला गेलं. तळ्याकाठचं, उन्हाळ्यात शिकागोचे पैसेवाले सुटीला येतात असं हे गाव. पुण्यामुंबईवाल्यांसाठी लोणावळा-मुळशी जसं, तसं.

आयुष्यातला बहुतेक काळ तो याच गावात राहिला.

शाळेत लक्ष नव्हतं. हायस्कूल अर्धवट सोडलं. पण वाचन भन्नाट. स्वस्त कागदावर छापलेली साहसकथांची मासिकं, रॉबर्ट हॉवर्डचा 'कोनन', जॅक व्हान्सच्या जादूगारांच्या कथा. बुद्धिबळाचाही नाद. १९५८ साली मेरी जो पॉवेलशी लग्न झालं आणि एकामागून एक पाच मुलं झाली. पोट भरायला शिकागोतल्या विमा कंपनीत अंडररायटरची नोकरी. म्हणजे दिवसभर बसून हिशोब करायचा की अमुक माणसावर संकट येण्याची शक्यता किती टक्के.

पुढे त्याने जे केलं ते बघता ही नोकरी वाया गेली असं अजिबात म्हणता येणार नाही.

याच काळात त्याच्या हाती 'गेटिसबर्ग' नावाचा युद्धाचा बोर्डगेम लागला आणि तो त्यात पार बुडाला. संध्याकाळी घरी यायचं नाव नाही. बायकोला संशय आला की याचं बाहेर काहीतरी सुरू आहे. एक दिवस ती तणतणत मित्राच्या तळघरात जाऊन धडकली, तर नवरा आणि त्याचे मित्र नकाशा पसरलेल्या टेबलाभोवती वाकून उभे.

नंतर गॅरीच्या स्वतःच्या तळघरातच वाळूने भरलेलं मोठं टेबल आलं. त्या वाळूत डोंगर, नद्या करायच्या आणि बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळायच्या. दिवाळीत मातीचा किल्ला करून मावळे मांडायचा नाद ज्याचा मोठेपणीही सुटला नाही, तो माणूस म्हणजे गॅरी.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि युद्धखेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. नाव ठेवलं 'जेन कॉन'. हाच मेळावा आज उत्तर अमेरिकेतल्या टेबलावरच्या खेळांचा सर्वांत मोठा उत्सव मानला जातो.

दुसरा माणूस

१९६९ च्या दुसऱ्या जेन कॉनला डेव्ह आर्नेसन नावाचा २१ वर्षांचा पोरगा आला. मिनेसोटा राज्यातला. आणि इथून गोष्ट गुंतागुंतीची होते.

गॅरीने १९७१ साली जेफ पेरेन या मित्राबरोबर 'चेनमेल' नावाचं मध्ययुगीन लढायांच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्याला शेवटी एक जोडपत्र होतं. त्यात ड्रॅगन, मांत्रिक, राक्षस यांचेही नियम दिलेले.

आर्नेसनने हे नियम उचलले आणि भलतीकडेच नेले. त्याच्या मित्रमंडळात डेव्हिड वेस्ली नावाच्या गड्याने आधीच एक प्रयोग केला होता. लढाईच्या खेळात प्रत्येकाला फौज न देता एकेक माणूस द्यायचा. आर्नेसनने त्याला जादू, किल्ला आणि किल्ल्याखालची भुयारं जोडली. 'ब्लॅकमूर' हे त्याच्या काल्पनिक प्रांताचं नाव. पात्र मेलं नाही तर पुढच्या वेळी तेच पात्र, आणि आधीपेक्षा तगडं. हिट पॉइंट्सची कल्पनाही त्यानेच जहाजांच्या युद्धखेळातून आणली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, तसा माणूसही एका वारात मरू नये.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि गॅरीच्या घरी त्याने ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गॅरीला त्या रात्रीच कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

पण आर्नेसनचे नियम बहुतेक त्याच्या डोक्यात होते. गॅरीने त्याच्याकडून हाताने लिहिलेली टिपणं मागवली आणि टाइपरायटरवर बसला. आधी ५० पानांचा मसुदा, मग १५० पानांचा. त्याने त्यात आपली भर घातली. व्हान्सच्या कथांतून एक नियम आला की मांत्रिकाने मंत्र वापरला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो, पुन्हा पाठ करावा लागतो. शाळांना सामान विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून २० बाजूंचे फासे आले. आणि पहिले खेळाडू म्हणून त्याने घरातलीच पोरं बसवली. मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस 'ग्रेहॉक' नावाच्या काल्पनिक किल्ल्याच्या तळघरात उतरले, दुसऱ्या दिवशीपासून मित्रांची रांग.

खेळाचं नाव ठरवताना गॅरीने जोड्यांची यादी काढून घरच्यांना वाचून दाखवली. धाकट्या सिंडीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर बोट ठेवलं.

मग खेळ कुणाचा? कल्पनेची ठिणगी आर्नेसनची, पुस्तक गायगॅक्सचं. पहिला नसता तर खेळ सुचला नसता, दुसरा नसता तर तो मिनेसोटाबाहेर गेला नसता. साधं आहे. पण पैसा आला की साधं काही राहत नाही.

एक हजार खोके

या सगळ्या काळात घरची अवस्था बिकट होती. १९७० सालीच गॅरीची विमा कंपनीतली नोकरी गेली होती. त्याने पर्याय काय शोधला असेल? तळघरात बूट दुरुस्तीचं सामान आणून बसवलं. दिवसा लोकांच्या बुटांना टाचा ठोकायच्या, रात्री भुयारातल्या राक्षसांचे आकडे लिहायचे.

खेळ तयार झाला, पण प्रकाशक मिळेना. मग बालपणीचा मित्र डॉन के पुढे आला. त्याने आपल्या जीवन विम्यावर १००० डॉलरचं कर्ज काढलं, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये दोघांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही कंपनी काढली. हीच पुढे टीएसआर. तरी छपाईला पैसे कमीच. तेव्हा ब्रायन ब्लूम नावाचा तिसरा भागीदार २००० डॉलर घेऊन आला.

जानेवारी १९७४. लाकडी रेघांच्या कागदाचं तपकिरी खोकं, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. एक हजार खोकी. गॅरीच्या घरच्यांनी आणि मित्रांनी तळघरात बसून हाताने भरलेली. कव्हरवर नावं दोन, गायगॅक्स आणि आर्नेसन.

वर्ष संपायच्या आत हजार खोकी संपली. जाहिरात म्हणावी अशी नव्हती. एका कॉलेजातला पोरगा खेळायचा, सुटीत गावी जायचा, तिथे चार जणांना शिकवायचा.

आणि ऐन भरात डॉन के गेला. ३१ जानेवारी १९७५, हृदयविकाराचा झटका, वय ३६. त्याच्या हिश्श्याचं पुढे काय करायचं, याची लेखी व्यवस्था नव्हती. हिस्सा पत्नीकडे गेला. तो विकत घेण्याइतके पैसे गॅरीकडे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. ब्रायनच्या वडिलांनी पैसा घातला, नवी कंपनी उभी राहिली आणि गॅरीचा हिस्सा अर्ध्याच्या खाली गेला. कंपनीचा चेहरा तो, मालकी ब्लूम कुटुंबाची.

त्या वेळी हे कुणाला खटकलं नाही. दहा वर्षांनी खटकलं.

यश, खटला आणि सैतान

१९७७ ते १९७९ या काळात गॅरीने एकट्याच्या नावावर 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' ही जाडजूड पुस्तकांची मालिका काढली. कंपनीचं म्हणणं होतं की हा वेगळा खेळ आहे, त्यामुळे आर्नेसनला यातून मानधन देणं लागत नाही. आर्नेसन त्याआधीच कंपनी सोडून गेला होता. १९७९ मध्ये त्याने कोर्टात दावा ठोकला. १९८१ साली प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि आर्नेसनला मानधन मिळू लागलं.

इथे गॅरीची बाजू घेणं अवघड आहे. नवी पुस्तकं त्याने खपून लिहिली हे खरं. पण लेव्हल, हिट पॉइंट्स, भुयार ही हाडं तीच होती. नावात एक शब्द वाढवला म्हणून दुसरा जनक पुसला जात नाही.

१९७९ सालीच अजून एक प्रकार घडला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक हुशार विद्यार्थी हॉस्टेलमधून गायब झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने शंका काढली की पोरगा डी अँड डी खेळत खेळत कॉलेजच्या खालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असावा. पेपरांना हेडलाइन मिळाली. पोरगा महिनाभराने दुसऱ्याच राज्यात सापडला. तो नैराश्यात होता, आणि खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता. पुढच्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. पण तोवर गोष्ट पसरली होती. तिच्यावर बेतलेली कादंबरी आली, १९८२ साली टीव्हीपट आला, त्यात नवखा टॉम हँक्स होता.

मग सुरू झालं की हा खेळ पोरांना सैतानाची पूजा शिकवतो. मुलगा गमावलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटनाच काढली. चर्चमधून भाषणं झाली. १९८५ साली गॅरीला 'सिक्स्टी मिनिट्स' या बड्या टीव्ही कार्यक्रमात बसून उत्तरं द्यावी लागली. त्याला धमक्या यायच्या, काही काळ त्याने अंगरक्षक ठेवला. गंमत म्हणजे, ज्याच्यावर सैतानाचा एजंट असल्याचा आरोप होता तो माणूस काही वर्षं जेहोवाज विटनेसेस या कडक ख्रिस्ती पंथात होता.

आपल्याकडे २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल'ची हवा झाली, नंतर पबजीची. पोरगं दुखावलेलं असतं, आणि दिसतो फक्त त्याच्या हातातला खेळ. त्या आईचं दुःख खोटं नव्हतं, बोट मात्र चुकीच्या जागी होतं.

आणि खप? तो वाढतच गेला. बंदी घाला म्हटलं की पोरं आधी तेच शोधतात.

आपल्याच कंपनीतून बाहेर

टीएसआरमध्ये आता शेकडो कर्मचारी होते आणि पैसा वाहत होता. ब्लूम बंधूंनी तो वाटेल तिथे लावला. एक उदाहरण पुरे : खेळाच्या कंपनीने भरतकामाचं सामान विकणारी कंपनी विकत घेतली.

गॅरीला कंपनीच्या करमणूक विभागाचं काम देऊन हॉलिवूडला पाठवण्यात आलं. १९८३ साली पहिलं लग्नही मोडलं. तिकडे तो बेव्हर्ली हिल्समधल्या आलिशान बंगल्यात राहिला, पार्ट्या झाल्या, डी अँड डीचं कार्टून टीव्हीवर आलं. एवढंच काय ते हाती लागलं. सिनेमा काही निघाला नाही.

इकडे कंपनीवर सुमारे १५ लाख डॉलरचं कर्ज झाल्याचं कळलं आणि तो परत धावला. १९८५ मध्ये त्याने सूत्रं हातात घेतली, नवं पुस्तक काढून पैसा उभा केला. कारभाराला शिस्त लावायला एक मॅनेजर नेमली, लॉरेन विल्यम्स. हॉलिवूडमधल्या एका लेखक मित्राची बहीण.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लूम बंधूंनी आपले सगळे शेअर्स लॉरेन विल्यम्सला विकून टाकले. गॅरीने नेमलेली मॅनेजर गॅरीची मालकीण झाली. तो कोर्टात गेला, हरला. १९८६ मध्ये त्याने कंपनी सोडली. डंजन्स अँड ड्रॅगन्सवर आता त्याचा हक्क नव्हता.

बूट ठोकत लिहिलेला खेळ गेला, आणि तो का गेला याचं मूळ १९७५ सालच्या त्या शेअर्समध्ये होतं.

१९९२ साली त्याने नवा खेळ काढला. नाव होतं 'डेंजरस डायमेन्शन्स'. आद्याक्षरं डी-डी होतात म्हणून टीएसआरने हरकत घेतली. त्याने नाव बदलून 'डेंजरस जर्नीज' केलं. तरी खटला झालाच. शेवटी तडजोडीत टीएसआरने तो खेळ विकत घेतला आणि कपाटात टाकून दिला.

व्हरांड्यातला म्हातारा

त्याच टीएसआरचं १९९७ मध्ये दिवाळं निघायची वेळ आली. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. नव्या मालकांनी गॅरीच्या उरल्यासुरल्या हक्कांचे पैसे देऊन जुनी भांडणं संपवली. जेन कॉनला तो पुन्हा मानाने जाऊ लागला. २००० साली 'फ्युचरामा' या कार्टूनमध्ये स्टीफन हॉकिंगबरोबर तोही दिसला, फासे टाकताना.

दुसरी पत्नी गेल आणि सहावा मुलगा अ‍ॅलेक्स यांच्याबरोबर तो लेक जिनिव्हातच राहायचा. लांबून चाहते यायचे आणि गॅरी घराच्या व्हरांड्यात बसून त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचा. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. सिगारेट सुटली, खेळ सुटला नाही. २००८ च्या जानेवारीपर्यंत तो आठवड्याला एकदा टेबलावर बसून गोष्ट सांगत होता.

४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, तो राहत्या घरी गेला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्नेसनही गेला.

तोवर त्यांचा खेळ टेबलावरून कधीच स्क्रीनवर उतरला होता. १९७० च्या दशकातच विद्यापीठांतल्या पोरांनी मोठ्या कॉम्प्युटरवर त्याच्या नकला लिहिल्या. मग 'अल्टिमा', 'विझर्ड्री', जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि 'फायनल फँटसी'. तुमच्या फोनमधला गेम याच वंशावळीतला. डी अँड डीच्या पुस्तकांत तर गॅरीची पोरं आजही आहेत. 'टेन्सर' या मांत्रिकाच्या नावाचा मंत्र आहे, ते अर्नीचं पात्र. 'मेल्फ'च्या नावाचा आम्लाचा बाण आहे, तो धाकट्या ल्यूकचा. जगभरातली पोरं हे मंत्र वापरतात, आणि बहुतेकांना कल्पनाही नसते की ही एका घरातल्या भावंडांची नावं आहेत.

गॅरीच्या अंत्यविधीला गावोगावहून लोक लेक जिनिव्हाला आले होते. विधी आटोपल्यावर कुणी लगेच घरी गेलं नाही. टेबलं मांडली गेली, पिशव्यांतून फासे निघाले आणि लोक खेळायला बसले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते पुन्हा जमले. त्या जमण्याला नाव पडलं 'गॅरी कॉन', आणि ते आता दरवर्षी भरतं.